घरगुती रेकॉर्डिंगसाठी परवडणारा गिटार ॲम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फ्लॅटमध्ये राहून, लॅपटॉपवर इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करू पाहणाऱ्यांचे आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. तेच तेच दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाव अंदाजे धरा. डॉलर हलला की ते हलतात.

१. घरी गिटार रेकॉर्ड करायची तर ॲम्प लागतोच का?

नाही. आवाज लॅपटॉपमध्ये नेण्याच्या तीन वाटा आहेत. ॲम्पसमोर माइक लावणं ही जुनी वाट. ॲम्पच्याच हेडफोन, लाइन किंवा यूएसबी सॉकेटमधून आवाज घेणं ही दुसरी. तिसऱ्या वाटेत ॲम्प नसतोच: गिटार सरळ ऑडिओ इंटरफेसला (गिटारचा किंवा माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या छोट्या पेटीला) जोडायची आणि ॲम्पचं काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं.

फक्त रेकॉर्डिंग करायचं असेल आणि पैसे मोजके असतील, तर तिसरी वाट धरा. इंटरफेस, बरा हेडफोन आणि न्यूरल ॲम्प मॉडेलर किंवा गिटार रिग प्लेअरसारखं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर गाण्यात शोभेल असा आवाज मिळतो. लॅपटॉप न उघडता रोज वाजवायचं असेल, दोघा-तिघांत सराव करायचा असेल किंवा स्पीकरसमोर उभं राहून फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा घुमणं) खेळवायचा असेल, तर मात्र ॲम्प हवा. पुढचे बहुतेक प्रश्न तो घेणाऱ्यांसाठी आहेत.

२. गिटार थेट इंटरफेसला जोडली, पण आवाज पत्र्यासारखा येतो. इंटरफेस खराब आहे का?

बहुधा नाही. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ गिळून टाकतो. डिस्टॉर्शनमुळे वरच्या पट्टीत जो किरकिराट तयार होतो, तो आपल्या कानापर्यंत येतच नाही. थेट जोडलेल्या गिटारला ही चाळणी नसते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ॲम्पच्या मॉडेलनंतर कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकर आणि त्याच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) किंवा आयआर फाइल (खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा साठवलेला नमुना) लावावी लागते. न्यूरल ॲम्प मॉडेलरमध्ये आयआरसाठी वेगळी जागा असते. बरेच जण ती रिकामी ठेवतात आणि मग आवाज कर्कश आहे म्हणून ट्रेबल कमी करत बसतात.

दुसरं कारण इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बटण बंद असणं. गिटारच्या पिकअपला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. लाइन इनपुट काही हजार ओहमचं असतं. त्यात गिटार जोडली की आवाज बसका आणि मंद होतो.

३. घरासाठी किती वॅटचा ॲम्प घेऊ? दुकानदार म्हणतो, १०० वॅटचाच घ्या, पुढे उपयोगी पडेल.

घरातल्या रेकॉर्डिंगसाठी वॅट हा शेवटी बघायचा आकडा आहे. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या ॲम्पपेक्षा दहापट नव्हे, दुप्पटच मोठा वाजतो.

उलट बाजूही बघा. चांगल्या १२ इंची स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज येतो. अर्धा वॅट दिला तरी ९४ च्या वर. बंद खोलीत अर्धा वॅटही शेजाऱ्यांना पुरून उरतो. ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर १ ते ५ वॅट, बाकीच्या प्रकारांत (प्र. ५) १० ते ५० वॅट चालतील, मात्र आवाज खाली आणल्यावर तो मरतुकडा होत नाही याची खात्री दुकानातच करा. मास्टर व्हॉल्यूम अगदी खाली, एकच्या आसपास ठेवून वाजवून पाहा. तुमचा ॲम्प नव्वद टक्के वेळ तिथेच असणार आहे.

४. मग दुकानात आधी काय बघायचं?

ॲम्प फिरवून मागची पट्टी बघा. पुढच्या नॉबांवर भाळून घेतलेले ॲम्प घरी आल्यावर लॅपटॉपला जोडताच येत नाहीत, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. काही ॲम्पना ही सॉकेट वर किंवा पुढेही असतात, तीही तपासा.

‘फोन्स / रेक आऊट’ किंवा ‘इम्युलेटेड आऊट’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. त्यातून कॅबिनेट सिम्युलेशन झालेला आवाज येतो. नुसतं ‘लाइन आऊट’ असेल तर सिम्युलेशन आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये वाचा. नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये आयआर लावून भागतं. ‘एफएक्स सेंड’ हे प्रीॲम्पनंतरचं (ॲम्पच्या स्वर घडवणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतरचं) आऊटपुट, तिथूनही आवाज घेता येतो, पण सिम्युलेशन नसतं. ‘ऑक्स इन’ हे इनपुट आहे, मोबाइलवरचं गाणं ॲम्पमध्ये सोडण्यासाठी. त्यातून काही बाहेर येत नाही.

यूएसबीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. काही ॲम्पचं यूएसबी फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी किंवा चार्जिंगसाठी असतं. मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ किंवा ‘यूएसबी रेकॉर्डिंग’ हे शब्द सापडले तरच ते तुमच्या कामाचं.

आणि ‘स्पीकर आऊट’. ते इंटरफेसला कधीही जोडू नका. तिथे स्पीकर हलवायची ताकद असते, इंटरफेसचं इनपुट जळतं.

५. ट्यूब, सॉलिड स्टेट की मॉडेलिंग?

ट्यूब ॲम्पची खरी मजा पॉवर ट्यूब ताणल्यावर येते. फ्लॅटमध्ये ती ताणता येत नाही, म्हणून ट्यूबसाठी मोजलेले जास्तीचे पैसे घरी बरेचसे वाया जातात. शिवाय ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, आणि दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. तरीही ट्यूबच हवा असेल तर ताकद कमी करण्याची सोय आणि सिम्युलेशन असलेलं आऊटपुट दोन्ही असलेला घ्या. मार्शल डीएसएल१ हा १ वॅटवरून ०.१ वॅटवर येतो, ब्लॅकस्टार एचटी-५आर एमके२ हा ५ वरून ०.५ वॅटवर. दोन्हींना इम्युलेटेड आऊट आहे.

साधा सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) ॲम्प टिकाऊ आणि स्वस्त. क्लीन आवाजासाठी आणि पेडल वापरणाऱ्यांसाठी तो पुरेसा असतो. मॉडेलिंग ॲम्पमध्ये अनेक ॲम्पचे आवाज, इफेक्ट आणि बहुधा यूएसबी एकत्र मिळतं. घरगुती रेकॉर्डिंगला याच वर्गात पैशाचा मोबदला सर्वाधिक आहे, असं आमचं स्पष्ट मत. त्याचा तोटा म्हणजे सेटिंग बदलण्यातच संध्याकाळ जाते.

६. माझ्या बजेटमध्ये नेमकं काय घेऊ?

१० हजारांच्या आत: ॲम्प नको. बेहरिंजर यूएम२ सारखा लहान इंटरफेस, बंद कपांचा हेडफोन आणि फुकट सॉफ्टवेअर. या किमतीतले नवे ॲम्प सरावाला ठीक, पण रेकॉर्डिंगला त्यांची फारशी मदत होत नाही.

१५ ते २० हजारांच्या आसपास: फेंडर मस्टँग एलटी२५ (२५ वॅट, ८ इंची स्पीकर, यूएसबी रेकॉर्डिंग) किंवा ऑरेंज क्रश २०आरटी (२० वॅट, ८ इंची, हेडफोन आऊटला सिम्युलेशन). पहिल्याला इंटरफेस लागत नाही, दुसऱ्याला लागतो. आवाजाचे जास्त प्रकार हवे असतील तर पहिला. एकच रांगडा रॉक आवाज आणि हाताला लागणारे साधे नॉब हवे असतील तर दुसरा.

३० हजार, थोडं ताणून: बॉस कटाना ५० किंवा यामाहा टीएचआर१०-II. कटानाला १२ इंची स्पीकर आहे, ताकद ५०, २५ आणि ०.५ वॅट अशी बदलता येते, आणि उद्या बँड जमला तर छोट्या जागेत तो पुरतो. टीएचआर टेबलावर ठेवायचा ॲम्प आहे. ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर, अगदी हळू आवाजातही भरलेला स्वर, पण ड्रमसमोर तो ऐकू येणार नाही. दोन्हींना यूएसबी ऑडिओ आहे. कधीच कुणाबरोबर वाजवणार नसाल तर टीएचआर, शंका असेल तर कटाना.

माइक लावून रेकॉर्ड करायचं ठरवलंत तर माइक, स्टँड, एक्सएलआर केबल आणि इंटरफेस मिळून लहान ॲम्पइतकाच खर्च येतो, हे आधी धरून चाला.

७. ८ इंची स्पीकर आणि १२ इंची स्पीकर यांत रेकॉर्डिंगला फरक पडतो का?

माइक लावणार असाल तर पडतो. १२ इंचीमध्ये खालचे स्वर जास्त मोकळे येतात. ८ इंची जरा नाकात बोलतो. पण गाण्यात बेस आणि ड्रम आल्यावर गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग बहुतेक वेळा आपणच कापतो, तेव्हा ८ इंची वाईटच असं नाही. लाइन किंवा यूएसबीने घेणार असाल तर स्पीकरचा संबंधच येत नाही.

८. हेडफोन आऊट इंटरफेसला जोडला. ॲम्पचा आवाज पोकळ येतो किंवा येतच नाही. असं का?

हेडफोन आऊट स्टिरिओ असतो. इंटरफेसचं एक इनपुट मोनो, बॅलन्स्ड असतं. तीन कप्प्यांची (टीआरएस) केबल सरळ या दोन्हींमध्ये लावली की इंटरफेस डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला गिटारचा स्वर नाहीसा होतो आणि स्टिरिओ रिव्हर्ब तेवढा उरतो. म्हणून पोकळ वाटतं.

जोडणी अशी करा:
१) एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही ऑडिओच्या दुकानात ती मिळते.
२) डावी पिन इनपुट १ ला, उजवी २ ला. एकच इनपुट असेल तर फक्त डावी जोडा.
३) इंटरफेसवर ‘लाइन’ निवडा, ‘इन्स्ट’ नव्हे. ४८ व्होल्टचं (कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं) बटण बंद ठेवा.
४) ॲम्पचा मास्टर तळाला ठेवून हळूहळू वाढवा. लेव्हल किती हवी ते प्र. १४ मध्ये.

पिन घातल्यावर बहुतेक ॲम्पचा स्पीकर आपोआप बंद होतो. बिघाड समजू नका.

९. ॲम्पला यूएसबी आहे. तरी इंटरफेस घ्यावा का?

फक्त गिटार रेकॉर्ड करणार असाल तर नको. गाणं, हार्मोनियम किंवा अकूस्टिक गिटार माइकवर घ्यायची असेल तर लागेल, आणि मग एक अडचण येते. विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी एकच एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारा, ASIO) वापरतं. ॲम्प आणि इंटरफेस एकदम चालत नाहीत. आळीपाळीने निवडा, किंवा ॲम्पचा हेडफोन आऊट इंटरफेसला जोडा (प्र. ८). मॅकवर दोन्ही मिळून ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ बनवता येतं.

आणखी एक बारकावा. काही ॲम्पचं यूएसबी फक्त ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) चालतं, टीएचआर१०-II त्यातलाच. प्रोजेक्ट ४८ वर असेल तर आवाज तडतडतो. त्याहून वाईट म्हणजे ४४.१ ची फाइल ४८ ची समजून वाजवली गेली, तर गाणं जलद होतं आणि स्वर जवळजवळ दीड फ्रेट वर चढतो. सूर चढलेला दिसला की ट्यूनरकडे नंतर, सॅम्पल रेटकडे आधी बघा.

१०. माइक कुठला घ्यावा?

शुअर एसएम५७. हा डायनॅमिक माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटार ॲम्पसाठी त्याच्याइतका सर्वत्र वापरला जाणारा दुसरा नाही. घरात आधीच गाण्यासाठी एसएम५८ असेल तर नवा घेऊ नका, दोघांचा स्वभाव खूप जवळचा आहे. कंडेन्सर माइक टाळा: तो पंखा, रस्ता आणि शेजारच्या कुकरची शिट्टी सगळं टिपतो.

बाजारात नकली एसएम५७ भरपूर आहेत. निम्म्या भावात नवा मिळत असेल तर तो नकलीच समजा. अस्सल माइकचं वजन २८४ ग्रॅम असतं. नकली बहुधा हलका लागतो.

११. माइक नेमका कुठे ठेवायचा?

आधी मोबाइलचा टॉर्च जाळीवर मारा आणि आतला स्पीकर बघा. मधोमध गोल टोपी दिसेल, तिच्याभोवती कोन. टोपी आणि कोन जिथे जुळतात त्या रेषेसमोर, जाळीपासून २ ते ३ सेंटिमीटरवर माइक ठेवा. इथून सुरुवात.

आवाज टोचत असेल तर माइक बाहेरच्या कडेकडे सरकवा. बुजरा वाटत असेल तर टोपीच्या मध्याकडे आणा. एका वेळी १ सेंटिमीटर. एवढ्याने ॲम्पच्या ट्रेबल नॉबपेक्षा जास्त फरक पडतो. खालचा स्वर फुगत असेल तर माइक १० सेंटिमीटर मागे घ्या, कारण एसएम५७ सारखा कार्डिओइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक जवळ असला की बेस वाढवतो. तरीही टोचत असेल तर ४५ अंशांत तिरका करा.

ॲम्पच्या शेजारी बसून माइकची जागा ठरवू नका. तिथे थेट ॲम्पचाच आवाज कानात जातो. दहा सेकंद रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, सरकवा, पुन्हा करा. चांगली जागा सापडली की स्टँडच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टी लावून खूण करा.

दोन माइक लावायचा मोह आवरा. दोघांचं अंतर थोडं वेगळं पडलं की काही स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज बारीक होतो. लावायचेच तर दोघांची तोंडं स्पीकरपासून अगदी सारख्या अंतरावर ठेवा.

१२. खोली १० बाय १०, वर पंखा, खाली फरशी. काय करू?

ॲम्प फरशीवर ठेवू नका. फरशीवरून परतणारा आवाज माइकमध्ये मिसळतो आणि खालच्या मजल्यावरही धडधड जाते. स्टुलावर जाड घडी घालून त्यावर ॲम्प ठेवा. कोपऱ्यात ठेवला तर बेस घोंगावतो, म्हणून भिंतींपासून जमेल तेवढा दूर. स्पीकरचं तोंड गादी किंवा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे करा आणि माइकच्या मागे एक गोधडी टांगा. माइक जाळीला चिकटलेला असेल तर एवढं पुरे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. ते आवाज अडवत नाहीत आणि पटकन पेटतात. पातळ फोमही वरचा किणकिणाट तेवढा शोषतो, बाहेर जाणारा आवाज थांबवत नाही.

पंखा टेकपुरता बंद. मार्च ते मे हे जिवावर येतं, पण चार मिनिटांचा टेक घेऊन पंखा लावणं हे नंतर सॉफ्टवेअरने घरघर काढण्यापेक्षा सोपं आहे.

१३. सोसायटीत तक्रार होईल का? नियम काय आहे?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. प्र. ३ मधला अर्धा वॅटवरचा ९४ चा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा. व्यवहारात मार्ग सोपा आहे: माइकचं काम दुपारी, रात्री फक्त हेडफोन. तक्रार सहसा गिटारच्या स्वराची नसते, जमिनीतून जाणाऱ्या धडधडीची असते. स्टूल आणि घडी यांचा उपाय तिथेही लागू पडतो.

१४. इंटरफेसवर लेव्हल किती ठेवू?

सगळ्यात जोरात वाजवाल तो भाग वाजवा आणि सर्वांत उंच टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलवर येईल असं गेन लावा. २४ बिटवर रेकॉर्ड करा. मग लेव्हल थोडी कमी राहिली तरी नुकसान नाही. लाल दिवा एकदाही लागता कामा नये, कारण तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. वाजवताना हात चढतो, हे धरून चाचणीपेक्षा थोडं कमीच ठेवा.

१५. तार छेडल्यावर हेडफोनमध्ये स्वर उशिरा येतो.

ही लेटन्सी. सॉफ्टवेअर ॲम्प वापरत असाल तर बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला ते सुमारे २.९ मिलिसेकंद होतात. जाणं-येणं आणि ड्रायव्हर मिळून एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर हाताला जाणवत नाही. आवाज हवेत मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून ३ मीटरवर उभे असता तेव्हाही ९ मिलिसेकंदांचा उशीर असतोच.

विंडोजवर इंटरफेस कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर टाका. तडतड झाली तर २५६ वर जा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात चालत नाही, बफर कितीही कमी करा. माइक किंवा लाइनने घेत असाल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर लावा, मग आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनवर येतो, प्रश्नच मिटतो.

१६. सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. कसा घालवू?

आधी तो कुठून येतो ते शोधा. याच क्रमाने:

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर दोष गिटारच्या बाजूला. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल पिकअपला वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर लागतेच. जागेवर गोल फिरून बघा, एका दिशेला ती खूप कमी होते. लॅपटॉपच्या चार्जरपासून आणि मॉनिटरपासून दीड-दोन मीटर लांब बसा.

शून्य करूनही राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थच्या तारा एकापेक्षा जास्त वाटांनी जुळल्याने येणारी घरघर) आहे. ॲम्प, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर ॲम्प आणि इंटरफेसच्या मध्ये ग्राउंड लिफ्ट (सिग्नलची अर्थ जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स लावा.

घरघरीऐवजी तीक्ष्ण ‘झर्रर’ असेल तर पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर बंद करा. पूर्ण वेगावर ठेवला तरी आवाज बराच कमी होतो. पायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर हा त्रास देत नाही. स्वस्त एलईडी बल्बही एकेक करून बंद करून पाहा.

तारांना बोट लावल्यावर आवाज कमी होणं नेहमीचं आहे. पण तारा किंवा ॲम्पचा पत्रा हाताला झिणझिणला तर वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. जुन्या घरांत थ्री पिन सॉकेट असतं, मागे अर्थची तारच नसते. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडणं हा सल्ला अजूनही फिरतो. तो जिवावर बेतू शकतो.

१७. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प चालवू का?

प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प करकरतो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. भारनियमनाच्या वेळी रेकॉर्डिंगचा उत्तम उपाय म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर आणि सॉफ्टवेअर ॲम्प. विजेची तार कुठेच नसल्याने घरघरही सर्वांत कमी.

१८. भाऊ अमेरिकेहून ॲम्प आणतोय. तिथे स्वस्त मिळतो. इथे चालेल?

मागची पट्टी किंवा ॲडॅप्टर बघा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालेल. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावू नका, फ्यूज उडेल आणि ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. पट्टीवर लिहिलेल्या वीजवापराच्या दीड ते दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि अर्थ पुढे नेणारा तीन पिनांचाच घ्या. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ ५० च राहतात, त्यामुळे काही ॲम्प जरा जास्त तापतात. वॉरंटी बहुधा त्या देशापुरती असते. हा सगळा खर्च धरला तर लहान ॲम्पमध्ये बचत उरत नाही. भावाला पेडल किंवा माइक आणायला सांगा.

१९. ट्यूब ॲम्पचा स्पीकर काढून नुसत्या हेडफोनवर वाजवू का?

मॅन्युअल स्पष्टपणे ‘चालेल’ म्हणत असेल तरच. ट्यूब ॲम्पच्या आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला सतत भार लागतो. स्पीकर नसताना वाजवलं की व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूब जाते. काही लहान ट्यूब ॲम्पमध्ये आतच भाराची सोय असते. नसेल तर लोड बॉक्स लागतो. त्याचा ओहमचा आकडा ॲम्पशी जुळला पाहिजे आणि वॅट ॲम्पपेक्षा जास्त हवेत. सॉलिड स्टेट आणि मॉडेलिंग ॲम्पना ही भीती नाही.

२०. जुना ॲम्प घेताना काय तपासू?

स्वतःची गिटार आणि केबल न्या. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. थोडी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण आवाज मध्येच गायब होत असेल तर भाव पाडा. इनपुट जॅकमध्ये पिन हलवून बघा. स्पीकरच्या कोनावर फाटल्याची किंवा चिकटवल्याची खूण शोधा, मग जाड तारेवर जोरात वाजवून फडफड ऐका. हेडफोन आणि यूएसबी सॉकेट तिथेच तपासा, कारण रेकॉर्डिंगला तेच लागणार आहे. वीस मिनिटं चालू ठेवा. गरम झाल्यावरच उमटणारे दोष पाच मिनिटांत कळत नाहीत. जळका वास आला तर परत फिरा.

२१. याच ॲम्पवर बेस किंवा इलेक्ट्रो-अकूस्टिक रेकॉर्ड करता येईल का?

बेस हेडफोनवर किंवा यूएसबीने चालेल, स्पीकरवर जोरात नको, कोन फाटतो. खरं तर बेस सरळ इंटरफेसच्या ‘इन्स्ट’मध्ये घ्या. इलेक्ट्रो-अकूस्टिकचा पिझो पिकअप गिटार ॲम्पवर बोथट आणि नाकातला वाटतो. तिच्यासमोर माइक लावणंच बरं.

२२. ॲम्पसमोर आवाज दणदणीत, रेकॉर्डिंगमध्ये मात्र गिटार मागे पडते.

तीन कारणं असतात. पहिलं, गेन फार. एकट्याने वाजवताना आवडतो त्याच्या दोन तृतीयांश गेन ठेवा. तारेचा ठोका स्पष्ट झाला की गिटार पुढे येते. दुसरं, मधले स्वर कापलेले. मिड पाचाच्या खाली नेऊ नका. तिसरं, सिम्युलेशन दोनदा लागलेलं: ॲम्पच्या रेक आऊटमध्ये एकदा आणि सॉफ्टवेअरच्या आयआरमध्ये पुन्हा. एक काढा.

रिदम गिटार रुंद हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा.

२३. आत्ता नुसती गिटार रेकॉर्ड करून नंतर ॲम्पमधून काढता येते का?

येते, याला रीॲम्पिंग म्हणतात. इंटरफेसच्या लाइन आऊटमधून साठवलेला ट्रॅक ॲम्पच्या इनपुटला सोडायचा आणि ॲम्पचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा. लाइन आऊटची पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून मध्ये रीॲम्प बॉक्स लावतात. तो नसेल तर आऊटपुट तळापासून हळूहळू वाढवत, प्रत्यक्ष गिटार जोडल्यावर येतो तेवढ्याच गेनवर थांबा. टीएचआर-II सारख्या काही ॲम्पमध्ये हे यूएसबीवरूनच होतं. त्यासाठीच, कुठल्याही पद्धतीने रेकॉर्ड करताना शक्य असेल तर गिटारचा कोरा ट्रॅकही सोबत घेऊन ठेवा.

२४. कोकणात राहतो. पावसाळ्यात ॲम्प आणि माइकची काय काळजी घ्यावी?

ॲम्प भिंतीला टेकवू नका, ओल सरकते. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा घालवते. माइक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करा. जॅक आणि केबलच्या पिना हिरवट दिसल्या तर पुसून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा, आणि लॅपटॉपला जोडलेली यूएसबी केबलही.